एका शेंड्याचं झाड

माडाचं मरण वरून खाली येतं. आंबा, लिंब, जांभूळ आजारी पडलं की पान सांगतं, फांदी सांगते, साल सांगते; खाली उभ्या माणसाला ते वाचता येतं. माड मरतो तो माणसाच्या नजरेच्या वर, तीस-चाळीस फुटांवर, पानांच्या बेचक्यात, जिथे पाऊस, वारा आणि भुंगे सोडले तर कुणाचं जाणं-येणं नसतं. खाली सगळं जागच्या जागी असतं. झावळ्या हिरव्या, घड लगडलेले, खोड सरळ, वाऱ्याबरोबरची सळसळ तीच. ज्या दिवशी त्याचा जीव जातो त्या दिवशी अंगणात साधं पानही पडत नाही.

नाशिककराला हे मरण उमजायला जड जातं, कारण आमचा मुलूख छाटणीवर जगतो. पिंपळगाव, ओझर, दिंडोरी, निफाड या पट्ट्यात द्राक्षवेलीवर वर्षातून दोनदा कात्री चालते. एप्रिलात खरड छाटणी, ऑक्टोबरच्या आसपास गोडी छाटणी. वेल पार बोडकी होते, मांडवावर नुसत्या काड्या उरतात, आणि थोड्याच दिवसांत त्या काड्यांवरचे डोळे फुगायला लागतात. कापलं की फुटतं, हा इथल्या शेतकऱ्याचा पिढ्यांचा अनुभव. मुघलांच्या काळात या शहराला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचं शहर, म्हणत. गुलाबालाही कात्री लागल्याशिवाय नीट बहर येत नाही. आणि नदीच्या पलीकडे पंचवटी आहे, पाच वडांच्या नावानं वसलेली. वडाची फांदी मोडली तर पारंबी उतरते, मूळ खोड पोखरलं तर त्याच पारंब्यांचे खांब होतात. मरता मरता वड दहा ठिकाणी पुन्हा उभा राहतो. अशा झाडांच्या सोबतीनं वाढलेल्या माणसाच्या मनात एक भरवसा मुरलेला असतो: काहीतरी कुठून तरी फुटेलच.

माडाकडे हा भरवसा नाही. त्याला फांदी नाही, कांडावर झोपलेला डोळा नाही. आंब्याची जखम वर्षा-दोन वर्षांत कडेनं भरून येते, कारण सालीखाली वाढत्या पेशींचा एक जिवंत पापुद्रा असतो. माडाच्या खोडात तो नसतो. त्याच्या अंगावर कोयत्याची खाच पडली की ती जन्माची. एकदा बनलेलं खोड पुढे जाडही होत नाही. जे काही व्हायचं ते टोकाला, एकाच कोंबात. त्या कोंबातून साधारण महिन्याला एक पान बाहेर पडतं आणि त्या पानाच्या बगलेत एक पोय, म्हणजे फुलोरा. बाहेर दिसते ती सुई, म्हणजे अजून न उलगडलेलं सगळ्यांत कोवळं पान. तिच्याही आत, गाभ्यात, येत्या दोन वर्षांहून अधिक काळाची पानं एकात एक मिटून बसलेली असतात. सगळ्यांत आत, मुठीत लपेल एवढ्या जागेत, तो वाढीचा बिंदू. माडाचं पुढचं सगळं आयुष्य तिथे असतं आणि फक्त तिथेच असतं.

आमचा माड बहात्तरच्या दुष्काळानंतर लावलेला. माझ्या वडिलांनी, दादांनी, घर बांधायला काढलं तेव्हा आईची मागणी एकच होती. तिचं माहेर गुहागरचं. माडाखेरीज अंगण ही गोष्ट तिच्या डोळ्यांना ठाऊक नव्हती. बाणवलीचं रोप एसटीच्या टपावरून आलं. मोरीचं पाणी जिथे उतरतं तिथे कमरेइतका खड्डा खणला, तळाशी रेती, शेणखत आणि कोकणच्या रिवाजाप्रमाणे मूठभर जाडं मीठ. गल्लीतले लोक हसले. समुद्र कसारा घाटाखाली, पार पलीकडे. हे गाव सुमारे सहाशे मीटर उंचीवरचं, उन्हाळ्यात रखरखीत, हिवाळ्यात कडाक्याचं. निफाडकडे पारा इतका उतरतो की द्राक्षं वाचवायला बागेत शेकोट्या पेटवाव्या लागतात. अशा थंडीत कोकणातलं झाड कशाला तग धरेल? पण त्यानं धरला. बाणवली सहा-सात वर्षांत धरतो, हा त्याहून उशिरा धरला, एवढाच काय तो त्यानं घाटमाथ्याला दिलेला कर. भांड्यांचं, आंघोळीचं, तांदूळ धुतलेलं पाणी पिऊन तो वाढत गेला.

माडाच्या खोडात वर्षांची वर्तुळं नसतात. त्याचं वय बाहेर लिहिलेलं असतं. जून झावळी गळते तिथे एक वळं उरतं, आणि वळ्यावर वळं अशी महिन्यांची मोजणी वर चढत जाते. पाणी तुटलं की त्या काळात बनलेलं खोड बारीक राहतं, वळी जवळजवळ येतात. पुढे कितीही पाऊस पडो, तो बारीकपणा भरून निघत नाही. आमच्या माडाच्या वरच्या अंगाला असा एक आवळलेला पट्टा होता, २०१६ च्या दुष्काळाचा. त्या उन्हाळ्यात गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं होतं. देशभरातून माणसं आपल्या माणसांच्या अस्थी घेऊन गोदेवर येत होती आणि नदीत नदी नव्हती. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गोदावरीला पूर आला, पात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी भिडलं, काठावरच्या बाजारात शिरलं. नाशिकची माणसं पुराची मापं त्या मारुतीच्या अंगावर वाचतात. दुष्काळाचं माप मी आमच्या माडाच्या अंगावर वाचायचे.

त्याला घालवलं मात्र ना दुष्काळानं, ना थंडीनं. त्याला घालवलं श्रावणानं.

नाशिकचा श्रावण म्हणजे कौतुकाचा महिना. ब्रह्मगिरीवर ढग उतरलेले, त्र्यंबकच्या रस्त्याला प्रदक्षिणेच्या फेरीला निघालेल्यांची रीघ, दिवसभर झिमझिम, हवेत गारवा, घामाचं नाव नाही. हाच गारवा फायटोफ्थोरा पाल्मिव्होरा नावाच्या एका सूक्ष्म जिवाला लागतो. अठरा ते चोवीस अंश तापमान, हवा ओलीचिंब, पानांच्या बेचक्यात दिवसचे दिवस साठलेलं पाणी. दिसायला बुरशी, पण खऱ्या बुरशीच्या कुळातला तो नव्हे. समुद्रातल्या तपकिरी शेवाळाचा दूरचा नातलग. त्याचे बीजाणू पाण्याच्या थेंबात शेपट्या हलवत अक्षरशः पोहतात. पावसाच्या शिंतोड्यानं एका झाडावरून दुसऱ्यावर जातात. गेंड्या भुंग्यानं शेंड्यात भोक पाडून ठेवलं असेल तर वाट आयतीच. कोवळ्या सुईच्या बुडाशी तो शिरतो आणि खाली, गाभ्याच्या दिशेनं, मऊ मऊ खात जातो.

खालून दिसली ती एवढीच गोष्ट: मधली सुई फिकी पडली आणि जराशी कलली. बाकी झाड इतकं हिरवं होतं की त्या एका पिवळट रेषेकडे बोट दाखवलं तर समोरचा माणूस विचारायचा, कुठे? नारळ उतरवणाऱ्याला बोलावलं. तो पायांत दोर अडकवून चढला, झावळ्यांत कमरेपर्यंत शिरला, आणि बराच वेळ काही बोलला नाही. मग वरून म्हणाला, "आजी, सुई हातात आली." नुसतं धरून ओढलं होतं त्यानं. कढत वरणातून पळी काढावी तितक्या सहज ती आली. खाली आणली तेव्हा तिचं बूड तपकिरी, लिबलिबीत झालेलं होतं आणि वास असा, की शेजारच्या घरातलं कुत्रं उठून लांब गेलं. आईनं ती हातात घेतली, नाकाशी नेली आणि परत दिली. गुहागरला तिनं हे पाहिलेलं होतं. "गाभ्यापर्यंत गेलं नसेल तर राहील," एवढंच म्हणाली.

आजार कळला तसं मी वाचायला बसले, आणि वाचता वाचता आमच्याच नदीच्या दुसऱ्या टोकाला पोचले. ब्रह्मगिरीवर औदुंबराच्या मुळाशी उगवणारी गोदावरी सुमारे १,४६५ किलोमीटर जाऊन आंध्रात समुद्राला मिळते. तिथल्या त्रिभुज प्रदेशात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ताडाची झाडं शेंड्यापासून कुजून मोठ्या संख्येनं मरत होती. माड आणि पोफळीही त्यातून सुटल्या नव्हत्या. त्यांचं दुखणं पाहायला गेला तो एडविन जॉन बटलर, बिहारातल्या पुसा येथील कृषी संशोधन संस्थेतला सरकारी बुरशीतज्ज्ञ. शिक्षणानं माणसांचा डॉक्टर, जन्मानं आयरिश. १८४५ नंतर ज्या करप्यानं बटाट्याची शेतं काळी करून आयर्लंडला उपाशी मारलं, त्याच कुळातला जीव या माणसाला गोदावरीच्या मुखाशी ताडाच्या गाभ्यात सापडला. १९०७ मध्ये त्यानं त्याचं वर्णन करून नाव दिलं, आणि १९१० मध्ये भारतातल्या ताड-माडांच्या शेंडेकुजीवर सविस्तर प्रबंध लिहिला. आमच्या अंगणातल्या दुखण्याची पहिली नीट नोंद अशी आमच्याच नदीच्या पाण्यावर झालेली होती. उगमाशी राहणाऱ्यांना मुखाशी काय झालं ते कळायला शंभराहून अधिक वर्षं लागली, इतकंच.

औषध मात्र घरचंच निघालं. दिंडोरीचे आमचे चुलतभाऊ अण्णा, द्राक्षवाले. त्यांना रोगाचं नाव सांगितलं, तो कुठल्या कुळातला ते सांगितलं, तर ते म्हणाले, "म्हणजे आपल्या डाऊनीचा भाऊबंदच की." खरंच होतं. द्राक्षावरचा केवडा, ज्याला सगळा जिल्हा डाऊनी म्हणतो आणि ज्याच्या धास्तीनं छाटणीनंतरच्या अवकाळी पावसात माणसं रात्र रात्र जागतात, तोही असाच पाण्यात पोहणारा. दोघांवर औषध एकच, बोर्डो. तेही सापडलं द्राक्षाच्या मळ्यातच. फ्रान्समधल्या बोर्डो भागात रस्त्याकडेच्या वेलींवरची द्राक्षं जाणारे-येणारे तोडून खात, म्हणून शेतकरी त्यांवर मोरचूद आणि चुन्याचा निळसर राडा शिंपडून ठेवत. पाहूनच खावंसं वाटू नये. १८८२ साली मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की केवड्यानं आतल्या वेलींची पानं झडली, पण चोरांसाठी रंगवलेल्या या वेली हिरव्या आहेत. १८८५ मध्ये त्यानं ते जाहीर केलं. चोराला भिववायला केलेला रंग शेतकऱ्याचं औषध झाला आणि नाशिकच्या मांडवांपर्यंत आला.

अण्णांनी अंगणात प्लॅस्टिकच्या बादल्या मांडल्या. लोखंडाचं भांडं चालत नाही, मोरचूद ते खातं. एका बादलीत मोरचूद विरघळवलं, दुसरीत कळीचा चुना विझवला. दोन्ही धारा एकदम तिसरीत सोडून लाकडाच्या दांड्यानं ढवळत राहिले. मग विळ्याचं स्वच्छ पातं बुडवून बाहेर काढून पाहिलं. पात्यावर तांबूस पुट चढलं तर चुना कमी आहे. दुसऱ्या खेपेला पातं पांढरंच राहिलं. फवारणीसाठी एक टक्का, म्हणजे किलोभर मोरचूद, किलोभर चुना आणि शंभर लिटर पाणी. जखमेला लावायचा मलम तेवढ्याच जिनसा दहा लिटरांत कालवून. आभाळाला त्या दिवशी रंग नव्हता. सगळी निळाई आमच्या बादल्यांत होती.

वर कोयता चालू झाला. कुजका भाग खरवडून काढायचा, पांढरा स्वच्छ गाभा लागेपर्यंत. दोरीला बांधलेल्या टोपलीतून एकेक न उलगडलेलं पान खाली येऊ लागलं. पुढच्या गौरी-गणपतीचं, पुढच्या संक्रांतीचं, त्याच्याही पुढच्या उन्हाळ्याचं पान. वरून माणूस सांगत होता, अजून तपकिरी आहे, अजून तपकिरी आहे. अण्णा खालून ओरडले, "अजून खाली घ्या. जरा खाली घेतलं तर डोळा लागेल एखादा." आयुष्यभर वेलीवर कात्री चालवलेला हात होता तो, कापण्यावरचा त्यांचा विश्वास त्यांच्या आवाजात होता. आई ओट्यावरून म्हणाली, "अण्णा, माडाला खाली डोळा नसतो."

त्यानंतर कुणी ओरडलं नाही. पांढरं लागलं असं वाटलं तिथे माणूस थांबला. जखमेवर मलम थापला आणि वर एक रुंद तोंडाचं मडकं पालथं घातलं, पावसाचं पाणी आत जाऊ नये म्हणून. आजकाल प्लॅस्टिकचा कागद बांधतात. आईला मडकंच हवं होतं. घरातल्या प्रत्येक मंगलकार्याला आपण कलशावर नारळ ठेवतो. यावेळी नारळावर कलश चढला होता, आणि त्याखाली काय आहे ते कुणालाच माहीत नव्हतं.

वाट पाहायची होती ती एका विद्रूप गोष्टीची. वाढीचा बिंदू वाचला असेल तर काही महिन्यांनी मडक्याखालून नवी पानं वर सरकतात, पण ती कोयत्यातून गेलेली असल्यामुळे टोकं तुटकी, अर्धवट, सुरकुतलेली. एरवी ज्या झाडाच्या डौलाकडे पाहून माणसं थांबतात, त्याच्याकडून आम्ही फक्त एका थोट्या पानाची अपेक्षा धरली होती. गणपती झाले, नवरात्र झालं. नारळवाला मधूनमधून चढायचा, मडकं उचलून पाहायचा, पुन्हा ठेवायचा. खाली उतरल्यावर तो आईकडे न पाहता आधी दोर गुंडाळायला लागला की आम्हाला उत्तर कळायचं.

आणि या सगळ्या काळात माड नारळ देत राहिला. हे मी कुणाला नीट सांगू शकलेले नाही. फुलापासून पिकलेल्या नारळापर्यंत वर्षभर जातं, त्यामुळे झाडावर एकाच वेळी वर्षभराचे घड असतात. कोंब कुजला तेव्हा जे घड मोठे होते ते पिकत गेले. मुळं पाणी ओढत होती, जुन्या झावळ्या उन्हाचं अन्न करत होत्या, ते घडांत उतरत होतं. दिवाळीच्या करंज्यांना त्याचाच नारळ, संक्रांतीच्या सुमाराला त्याचाच. पाहुणे म्हणायचे, काय लागलाय हो माड! आई त्यांच्या हातात एकेक नारळ ठेवायची आणि काही बोलायची नाही. मृत्यूची बातमी ज्याच्याबद्दल असते तोच घरोघरी तिची भेट पाठवतो आहे, असं काहीसं चाललं होतं. आम्हालाही त्यानं नारळ दिला तो असा, घाई न करता, घडामागून घड.

तेव्हा मला कळलं की माडाचा हिरवेपणा ही त्याची प्रकृती नसते, ती त्याची मागची कमाई असते. खालच्या झावळीला वरचं काही ठाऊक नसतं. ती आपल्या वाटणीचा काळ पुरा करते, पिवळी होते, गळते. फक्त तिच्या जागी वरून दुसरी येत नाही. छत्री बाहेरून तेवढीच घेराची राहते, आणि मधोमध एक खिडकी उघडत जाते. आधी तळहाताएवढं आभाळ, मग सुपाएवढं. संध्याकाळी पोपट तिथे बसायचे, त्यांना जागा ऐसपैस झाली होती.

आपल्याकडे माणसांचंही पुष्कळदा असंच होतं. घर चालवणारी, पोरांना मोठं करणारी, ज्यांच्या सावलीत दहा जणांचं जेवण होतं अशी माणसं. त्यांच्या आत नवं काही उगवायचं केव्हा थांबलं ते कुणाला दिसत नाही, कारण त्यांचं देणं थांबलेलं नसतं. देणं चालू आहे तोवर आपण खुशाली विचारत नाही. विचारलीच तर खालूनच विचारतो आणि मान वर करून हिरवं पाहून समाधान मानतो. दादांच्या शेवटच्या वर्षी ते रोज सकाळी मोरीचं पाणी माडाच्या आळ्यात नीट जातंय का ते पाहत, पेपर वाचत, हिशेब लिहीत. सगळं चालू होतं. त्यांच्या जाण्याला पुष्कळ वर्षं झाली, पण त्या वर्षाकडे पुन्हा पाहायला मला माडानं लावलं.

माघ सरला तेव्हा नारळवाल्यानं मडकंच खाली आणलं. गाभ्यात हात घातला तर मनगटापर्यंत पोकळ, म्हणाला. अण्णांनाही बोलावलं होतं. ते खोडाला हात लावून उभे राहिले आणि त्यांनी कुठलाच उपाय सुचवला नाही.

शहरात झाड आपल्या अंगणातलं असलं, मेलेलं असलं, तरी मनाला येईल तसं पाडता येत नाही. १९७५ च्या राज्याच्या झाडं जतन करण्याच्या कायद्यानं त्यासाठी वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मला तो कायदा त्या दिवसांत बरा वाटला. माणूस गेल्यावर कागद करावे लागतात, झाड गेल्यावरही करावे लागले. अर्जात उंची लिहिली, खोडाचा घेर लिहिला. घेरावरून माडाचं वय निघत नाही, म्हणून वय आईनं सांगितलं, थेट, न आठवता; घराचं वय तेच होतं. तोडण्याचं कारण या रकान्यात मी 'शेंडा कुजल्याने मृत' असं लिहिलं. पाहणीला आलेले गृहस्थ खाली उभे राहून वर बघत म्हणाले, पण झावळ्या आहेत की अजून. मग त्यांना त्या गोल खिडकीतून आभाळ दाखवलं.

तोडण्याच्या दिवशी नारळवाल्यानं चढण्याआधी खोडाला हात लावून कपाळाला लावला. आधी शेंडा उतरवला, दोरानं, अलगद. मग खोड वरून तुकड्या तुकड्यानं. २०१६ चा आवळलेला पट्टा खाली आला तेव्हा तो हातभर लांब निघाला. खालून दिसायचा त्याहून कमी. एका उन्हाळ्याची लांबी. हीर काढून आईनं खराटे करायला दिले, खोडाचे ओंडके दिंडोरीला गेले, पाटावर टाकायला.

शेंडा मात्र वेगळा ठेवला होता. तो कुजायला टाकायचा नसतो, खताच्या खड्ड्यात तर नाहीच. गेंड्या भुंगा तिथेच अंडी घालतो. तो जाळायचा असतो. गोदावरीच्या मुखाशी बटलरच्या सांगण्यावरून हेच केलं गेलं होतं. रोगट ताडांवर माणसं चढवून शेंडे छाटायचे आणि जाळून टाकायचे. त्या ताडांतलं एकही झाड त्यानं वाचणार नव्हतं. तो उपाय शेजारच्या झाडासाठी होता, जे अजून हिरवं होतं. त्या काळच्या मालकांना आपलं झाड, खालून तरी जिवंत दिसणारं, असं डोकं उतरवून देताना काय वाटलं असेल याचा विचार मी वाचताना केला होता. अण्णांच्या बांधावर शेंडा जळत होता तेव्हा तोच विचार निराळ्या तऱ्हेनं केला. जळणाऱ्या झाडाचं दुःख एका बाजूला होतं, आणि दुसऱ्या बाजूला गल्लीतले उरलेले माड.

नाशिकला मृत्यूनंतरच्या विधींची उणीव नाही. रामकुंडावर रोज कुणाचा ना कुणाचा दहावा असतो, कावळ्याची वाट पाहत माणसं थांबलेली असतात, अस्थी पाण्यात सुटतात आणि नदी त्यांना त्या त्रिभुज प्रदेशाकडे घेऊन जाते. झाडासाठी मात्र काही सांगून ठेवलेलं नाही. सुतक नाही, पिंड नाही. आईनं स्वतःच एक ठरवलं. शोक करायचा तर तो वरती माणूस चढवून करू, म्हणाली. मृग लागायच्या आत गल्लीतल्या प्रत्येक माडावर. शेंडा साफ करायचा, भुंग्याची भोकं पाहायची, भुंगा असला तर आकड्यानं ओढून काढायचा, सुई धरून हलकेच ओढून बघायची, मग बोर्डोची फवारणी, आणि वरच्या पानांच्या बेचक्यात मॅन्कोझेबच्या छिद्रं पाडलेल्या पुड्या, की प्रत्येक सरीबरोबर थोडंथोडं औषध गाभ्याकडे झिरपत राहावं. श्रावण येईल तेव्हा त्याला शेंड्यात कुणीतरी आधीच बसलेलं सापडावं. नारळवाल्याची मजुरी तिनं माडाच्या शेवटच्या घडांच्या पैशांतून द्यायची ठरवली. ते नारळ तिनं आयुष्यात पहिल्यांदाच विकले होते.

मेच्या शेवटच्या आठवड्यात ती काठी टेकत माझ्याबरोबर घरोघरी निघाली. नारळवाला मागे दोर घेऊन, अण्णांच्या बादल्या रिक्षात. पहिल्याच बंगल्याचं दार उघडलं. त्या घरच्या काकांनी आमचं ऐकून घेतलं, चष्मा सारखा केला, अंगणात येऊन आपल्या माडाकडे मान वर करून पाहिलं. झावळ्या चमकत होत्या, घड खाली ओणवले होते.

"वहिनी, आमचं झाड तर हिरवंगार आहे," ते म्हणाले.

"म्हणूनच आलोय," आई म्हणाली, आणि तिनं नारळवाल्याला चढायला सांगितलं.